सीमेच्या आधीच बदलणारी माणसे : भुसावळ ते न्यूरेंबर्ग

शुक्रवार : भुसावळ

रेल्वेत गार्ड म्हणून नोकरी केलेल्या माणसाच्या डोळ्यांना एक वेगळी सवय लागलेली असते. गाडी सुटते तेव्हा लोको पायलटची नजर पुढच्या सिग्नलवर असते, प्रवासी आपापल्या जागा शोधत असतात आणि गार्ड मात्र शेवटच्या डब्याच्या दारात हिरवी झेंडी घेऊन उभा राहतो व फलाटावर मागे राहिलेल्या माणसांचे चेहरे पाहत पुढे जातो. निवृत्तीनंतर जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात नोकरीला असलेल्या मुलाकडे जायचे ठरले, तेव्हा इस्तंबूलपर्यंतच विमानाने जावे आणि तिथून पुढे बल्गेरिया, रोमानिया, हंगेरी आणि ऑस्ट्रिया हे देश रेल्वेने ओलांडावेत, असा आग्रह मी धरला. विमानातून उतरणाऱ्याच्या समोर परदेश एकदम उभा राहतो. माणसांच्या रीती नेमक्या कुठे आणि कशा बदलत जातात, हे जमिनीवरून गेल्याशिवाय कळत नाही, अशी माझी खात्री होती. माझ्या पत्नीने एवढीच अट घातली की एकही रात्र बसून काढायची नाही.

मे महिना होता आणि भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास होता. घरातून निघताना धाकट्या भावजयीने हातावर दही-साखर ठेवली. रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसवर आम्हा दोघांना सोडायला दोन्ही भाऊ, व्याही, विहीणबाई आणि शेजारचे अख्खे कुटुंब आले होते. गाडी वाघूर ओलांडून जळगावला पोहोचण्याआधीच समोरच्या बाकावरील सावद्याच्या शेतकऱ्याने आमचे मूळ गाव, मुलाचा पगार, सुनेचे माहेर आणि माझे निवृत्तिवेतन या सर्वांची चौकशी पूर्ण केली, केळीच्या यंदाच्या भावाविषयीचे आपले दुःख सांगितले आणि आमच्या दशम्यांच्या बदल्यात स्वतःच्या डब्यातील शेंगदाण्याची चटणी पुढे केली. अनोळखी माणूस किती वेळात आपली चौकशी करतो आणि निघणाऱ्याला निरोप द्यायला किती माणसे येतात, या दोन गोष्टींवर पुढच्या सबंध वाटेत लक्ष ठेवायचे, असे मी त्या रात्री कसारा घाटाच्या आधीच ठरवून टाकले.

शनिवार : मुंबई ते इस्तंबूल

विमानाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. प्रत्येकासमोर एक पडदा असतो आणि त्यामुळे शेजारच्या माणसाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. घड्याळ अडीच तास मागे करून आम्ही इस्तंबूलमध्ये उतरलो.

रविवार : इस्तंबूल

एमिनोन्यूहून काडिकोयला जाणारी बोट पंधरा-वीस मिनिटांत युरोपातून आशियात पोहोचवते. शहरातले लोक तिचा वापर आपल्याकडच्या लोकलसारखाच रोज करतात, तरी बोटीतले वागणे लोकलसारखे नाही. बसायला जागा मिळताच माणसे चहा घेतात. ट्युलिपच्या फुलासारख्या कमरेत बारीक काचेच्या पेल्यांतला कोरा चहा ट्रेमध्ये घेऊन एक माणूस डेकवर फिरत असतो. काही जण तीळ लावलेल्या गोल सिमितचे तुकडे हवेत धरतात आणि सीगल पक्षी ते वरच्या वर उचलतात. आमच्या शेजारी बसलेल्या साठीच्या गृहस्थाने पहिल्या घोटाआधीच आम्ही कुठून आलो हे विचारले, दुसऱ्या घोटाला मुले किती हे विचारले आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. सावद्याच्या शेतकऱ्याने पगार विचारला होता, याने तो विचारला नाही, एवढाच काय तो फरक होता.

काडिकोयच्या बाजारात आमच्यासोबत आलेल्या त्याच्या तरुण भाच्याने निरोप घेताना माझ्या पत्नीचा हात हातात घेतला, त्यावर ओठ टेकवले आणि मग तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना मान देण्याची ही तुर्की रीत आहे. ती एका क्षणापुरती बावरली आणि लगेच तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण तो नमस्कारच आहे हे समजायला तिला कोणी काही सांगावे लागले नाही.

दुपारी एका छोट्या खाणावळीत भाजून ठेचलेल्या वांग्यांचे एक थंड पक्वान्न मिळाले. मिरचीचा ठेचा नाही आणि कांद्याची पात नाही, पण निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा तो धुरकट वास आसोदा-बामणोदच्या भरताची आठवण करून देणाराच होता. वांगे मूळचे आपल्याच बाजूचे. अरबांच्या आणि पुढे उस्मानी साम्राज्याच्या स्वयंपाकघरांतून ते पश्चिमेकडे गेले. आमच्या वाटेवर ते आमच्या पुढे पुढे चालत होते, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

सोमवार : इस्तंबूल ते कापिकुले

1890 साली बांधून झालेल्या सिर्केजी स्थानकावर एकेकाळी ओरिएंट एक्सप्रेसचा प्रवास संपत असे. आता युरोपकडे जाणारी गाडी शहराबाहेरच्या हाल्काली स्थानकातून सुटते. तिथे पोहोचायला बॉस्फरसच्या पाण्याखालून जाणारी, 2013 साली सुरू झालेली मार्मराय ही उपनगरी गाडी सिर्केजीच्या खालूनच मिळते. या गाडीत माझ्या पत्नीला पाहताच दोन मुले एकदम उठून उभी राहिली आणि त्यांच्या आईने त्यांच्याकडे पाहण्याचीही गरज पडली नाही.

हाल्कालीला निरोपाची माणसे भरपूर होती आणि पाहून मला बरे वाटले. स्थानकाबाहेर एका मोटारीमागे एका बाईने बाटलीतले पाणी रस्त्यावर ओतले. प्रवास पाण्यासारखा सुरळीत वाहो, अशा भावनेने निघणाऱ्याच्या मागे पाणी ओतण्याची प्रथा तुर्कस्तानात आणि बाल्कन प्रदेशातही आहे.

आमच्या चार बर्थच्या कुपेमध्ये साठीच्या पुढचे एक जोडपे होते. बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या आणि फोनवरील भाषांतराच्या आधाराने त्यांनी रात्री उशिरापर्यंत आमच्याशी गप्पा मारल्या. त्यांचा जन्म दक्षिण बल्गेरियातील एका तुर्की खेड्यात झाला होता. 1984-85 च्या हिवाळ्यात तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने तुर्की लोकांची नावे बळजबरीने बदलून त्यांना बल्गेरियन नावे दिली आणि 1989 च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून सीमेपलीकडे तुर्कस्तानात गेली; त्यांत हे दोघे होते. आता त्या दरवर्षी आईवडिलांच्या कबरी झाडून-पुसून यायला जातात. हे सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही. पुन्हा पुन्हा आमच्यापुढे सुकी जर्दाळू ठेवत त्या बोलत राहिल्या.

मध्यरात्रीनंतर कापिकुले या सीमेवरील स्थानकात सगळ्यांना पासपोर्ट घेऊन खाली उतरावे लागते. झोपमोड झालेल्या प्रवाशांची ती रांग मी बारकाईने पाहिली. तुर्की माणसे रांगेत उभी असूनही घोळक्याने बोलत होती, सायकली घेऊन निघालेले दोन युरोपीय तरुण एकेक हात अंतर राखून गप्प उभे होते आणि आमच्या बाई दोन्ही ठिकाणी होत्या. तुर्कस्तानात नकार देताना भुवया उंचावून मान किंचित मागे टाकतात, तर बल्गेरियात होकारासाठी मान आडवी हलवतात. संध्याकाळपासून तुर्की पद्धतीने भुवया उंचावणाऱ्या या बाईंनी पहाटे स्विलेनग्राडला डब्यात आलेल्या बल्गेरियन अधिकाऱ्याच्या प्रश्नाला मान आडवी हलवून होकार दिला आणि तो गेल्यावर नवऱ्याला पुन्हा भुवयांनीच नकार दिला. सीमा त्या बाईंच्या अंगातूनच गेलेली होती.

मंगळवार : सोफिया

दिमित्रोवग्राडला ते जोडपे उतरले. त्यांना न्यायला एक म्हातारा शेजारी आला होता, तो बल्गेरियन होता आणि त्याने त्या बाईंना मिठी मारली.

सोफियात कोणी आमची चौकशी केली नाही. बनित्सा नावाचे चीज भरलेले खारे पापुद्रे विकणाऱ्या दुकानदाराशी आमच्या मानांचा मोठाच घोटाळा झाला, कारण आपली तिरकी डुलणारी मान त्याला होकार वाटेना आणि नकारही वाटेना. तरीही तो हसला नाही किंवा त्रासलाही नाही. त्याने दोन बोटे वर केली आणि आमच्याही दोन बोटांची वाट पाहिली.

शहराच्या मध्यभागी जुन्या स्नानगृहाच्या इमारतीजवळ गरम खनिज पाण्याचे नळ आहेत. तिथे दिवसभर लोक मोठाले कॅन घेऊन येतात आणि पाणी फुकट भरून नेतात. चोपडा तालुक्यातील उनपदेवच्या गोमुखाखाली ओंजळ धरणाऱ्या आम्हा माणसांना ते पाणी परके वाटले नाही. आम्ही बराच वेळ तिथल्या बाकावर बसलो. पाणी भरणारी माणसे एकमेकांशी क्वचितच बोलत होती, परंतु कोणाचा नंबर आधी आहे याविषयी एकदाही वाद झाला नाही. माझी पत्नी रिकामी बाटली घेऊन नळाशी गेली तेव्हा एका आजींनी आपला अर्धवट भरलेला कॅन बाजूला घेतला, तिची बाटली स्वतः विसळून भरून दिली आणि तिच्याकडे न पाहताच आपला कॅन पुन्हा नळाखाली ठेवला. चहाचा आग्रह करणारा इस्तंबूलचा गृहस्थ आणि या आजी यांच्यात मला माणुसकीचे अंतर दिसले नाही. अंतर पडले होते ते बोलण्यात. मशीद, सिनेगॉग, ऑर्थोडॉक्स चर्च आणि कॅथलिक चर्च तिथून चालत काही मिनिटांच्या आत आहेत आणि त्या सगळ्यांकडे जाणारी माणसे याच नळांवर येतात.

एका गोष्टीने मला दिवसभर विचारात पाडले. सोफियात घरांच्या दारांवर, झाडांच्या बुंध्यांवर आणि बसथांब्यांवर मृत माणसांचे छायाचित्र असलेले कागद चिकटवलेले असतात. मृत्यूनंतर, चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने असे ते पुन्हा पुन्हा लावले जातात. जळगावच्या चौकात पुण्यस्मरणाचे फलक लागतात आणि वर्तमानपत्रांत जाहिराती येतात, परंतु त्यांत शोकाकुल नातेवाइकांची आणि पुढाऱ्यांची नावे मृताच्या नावापेक्षा मोठी होत चालली आहेत, याचे मला नेहमी वाईट वाटते. इथे एका साध्या कागदावर एक चेहरा आणि चार ओळी असतात. अनोळखी माणसाशी सहसा न बोलणारा हा समाज आपले दुःख मात्र रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि येणारेजाणारे थांबून ते वाचतात. हा समाज अबोल आहे असे मी सकाळी मानले होते. संध्याकाळपर्यंत ते मत बदलावे लागले.

बुधवार : डॅन्यूब

रुसे येथे गाडी बदलून आम्ही डॅन्यूब ओलांडली. 1954 साली खुल्या झालेल्या या पुलावर वरच्या मजल्यावरून मोटारी आणि खालून रेल्वे जाते. 1 जानेवारी 2025 पासून बल्गेरिया आणि रोमानिया जमिनीवरील सीमांसह पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात आल्यामुळे आमचा पासपोर्ट कोणी मागितला नाही. खंडव्याकडे जाताना भुसावळच्या पुढे तापीचा पूल आला की डब्यातले हात खिडकीबाहेर जातात आणि पाण्यात नाणी पडतात. इथे खिडकीशी कोणी आले नाही. मात्र पूल मागे पडून पहिले गाव आले, झाडांमागे चर्चचा कळस दिसला आणि डब्यातल्या अनेकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. त्यांत कानात इअरफोन घातलेला एक तरुणही होता. त्याची नजर फोनवरून हलली नाही आणि हात मात्र तीनदा फिरला. पलीकडच्या काठावर गाडीत मला असे काही दिसले नव्हते. धर्म दोन्हीकडे तोच, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहे.

बुखारेस्टमध्ये आमच्या निवासाच्या वृद्ध मालकांनी स्वागत करताना माझ्या पत्नीचा हात उचलून त्यावर ओठ टेकवले. तिने सवयीने त्यांच्या डोक्याकडे हात नेला आणि वाटेतच थांबवला, कारण हे गृहस्थ तिच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठे होते. इस्तंबूलच्या मुलाने तिच्या वयाला मान दिला होता. इथे तिच्या स्त्री असण्याला मान दिला जात होता. कृती जवळजवळ तीच, पण हात कपाळापर्यंत गेला नाही आणि तेवढ्यानेच तिचा अर्थ पालटला. रात्री ती म्हणाली, “अहो, मला तो मुलगाच बरा वाटला.”

गुरुवार : बुखारेस्टहून व्हिएन्नाकडे

व्हिएन्नाला जाणारी दाचिया एक्सप्रेस कार्पेथियन पर्वतातून ब्राशोव्हमार्गे जाते. ब्राशोव्हच्या फलाटावर मला अखेरचा खरा निरोप पाहायला मिळाला. पन्नाशीच्या एका बाईंना सोडायला त्यांची आई, मुलगी आणि एक शेजारीण आली होती. पिशव्या आधी आत आल्या, मग बाई आल्या, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीतून सूचना चालू होत्या. बाई आमच्याच डब्यात बसल्या. ऑस्ट्रियात वृद्धांच्या घरी राहून त्यांची चोवीस तास काळजी घेणाऱ्यांमध्ये रोमानिया आणि स्लोव्हाकियातील स्त्रिया फार मोठ्या संख्येने आहेत. काही आठवडे तिकडे आणि काही आठवडे आपल्या घरी, असे त्यांचे चक्र असते. या बाई एका नव्वदीच्या आजोबांना सांभाळतात आणि त्या तिकडे असताना त्यांच्या स्वतःच्या आईकडे ती शेजारीण पाहते. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते, तरी प्रश्न विचारायला त्यांनी उशीर लावला नाही.

सूर्य मावळताना त्यांनी पिशवीतून काचेची बरणी आणि पाव काढला. बरणीत वांगी होती. भाजलेली, सोललेली, लाकडी सुऱ्याने ठेचलेली, बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि तेल घालून कालवलेली. माझ्या पत्नीने पहिला घास घेतला आणि हातवाऱ्यांनी चुलीवर वांगे कसे फिरवायचे हे दाखवू लागली. बाईंनी तेच हातवारे तिला परत करून दाखवले. खानदेशात हिवाळ्यात शेतावर भरिताची पार्टी असते, तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, बडगीत ठेचतात आणि वाटेने जाणाऱ्यालाही कळण्याच्या भाकरीबरोबर ताट देतात, हे सगळे त्या दोघींच्या हातांनी एकमेकींना समजले. मी मध्ये पडलो नाही.

शुक्रवार : व्हिएन्ना

रात्री हंगेरीत शिरल्यावर घड्याळ आणखी एक तास मागे गेले. सकाळी बुडापेस्ट मागे पडल्यानंतर त्या बाईंचा आवाज हळूहळू खाली आला. डब्यात ऑस्ट्रियन प्रवासी चढले; आत येताना त्यांनी सर्वांना उद्देशून अभिवादन केले आणि मग कोणाशीही एक शब्द बोलले नाहीत. बाईंनी बरणी पिशवीत ठेवली, सीटवरचे पावाचे कण टिपले, केस नीट बांधले आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकात त्यांना घ्यायला कोणी आले नव्हते. त्यांनी आम्हाला मिठी मारली, पण खालच्या आवाजात.

दुपारी आम्ही एका जुन्या कॉफीघरात बसलो. व्हिएन्नाची कॉफीघर संस्कृती ऑस्ट्रियाने 2011 साली आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. चांदीसारख्या ट्रेमध्ये कॉफी आणि पाण्याचा पेला येतो, वर्तमानपत्रे लाकडी दांडीला अडकवलेली असतात आणि एका कॉफीवर कितीही वेळ बसले तरी वेटर उठवत नाही. बहुतेक टेबलांवर एकेकच माणूस होता. माझ्या पत्नीला ते फार उदास वाटले. मला तसे वाटले नाही, आणि त्यावरून आमचा वादही झाला. एकटे राहायचे असते तर ही माणसे घरी बसली असती; ती इतरांमध्ये बसायला आली होती, फक्त त्यांना कोणी प्रश्न विचारू नये अशी त्यांची इच्छा होती. भुसावळच्या पारावर बसणाऱ्यालाही कधीकधी तसेच हवे असते, पण ते त्याला मिळत नाही.

शनिवार : न्यूरेंबर्ग

पासाऊमार्गे जर्मनीत शिरणाऱ्या वेगवान गाडीत शांततेचा वेगळा डबा असतो आणि त्यात फोनवर बोलत नाहीत. आमचा डबा तो नव्हता, तरीही तिथे तशीच शांतता होती. गाडी वाटेत बराच वेळ थांबली, उशीर होणार अशी घोषणा झाली आणि तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. पुढच्या पाच मिनिटांत समोरचे गृहस्थ शेजारच्या तरुणीला तिची पुढची गाडी कोणती हे विचारत होते आणि पलीकडच्या बाई आम्हालाही. सर्वांची अडचण एक झाली की बोलण्याला हरकत उरत नसावी. गाडी चालू झाली आणि बोलणे थांबले.

न्यूरेंबर्गच्या फलाटावर सूनबाईने वाकून नमस्कार केला. येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर आमच्यावर पडली आणि लगेच वळली. टक लावून न पाहणे हा त्यांचा शिष्टाचार आहे, हे समजायला मला व्हिएन्नाच्या कॉफीघराचा उपयोग झाला.

रविवार : न्यूरेंबर्ग

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात आणि या विश्रांतीला राज्यघटनेचेच संरक्षण आहे. घरांतूनही मोठा आवाज येत नाही. मुलाने आम्हाला मेट्रोने फिरवले. इथल्या एका मार्गावर 2008 पासून चालकाविना गाड्या धावतात. पुढच्या काचेशी, जिथे चालक असायचा, तिथे लहान मुले नाक टेकवून उभी होती. ज्या शहरातून 7 डिसेंबर 1835 रोजी जर्मनीची पहिली प्रवासी रेल्वे फ्युर्थला गेली, त्याच शहरात चालक नाही आणि गार्डही नाही, हे पाहून मला खेद झाला.

उद्यानात मी एक रीत पाहिली. बाटल्यांवर 25 सेंटपर्यंत अनामत असते आणि रिकामी बाटली दुकानाच्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. ज्यांना परत करायची नसते ते बाटली कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे गरजूला कचऱ्यात हात घालावा लागत नाही. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे दोघांनाही कळत नाही. सोफियाच्या नळावरच्या आजींना ही रीत पटली असती.

तिथल्याच बाकावर एक तुर्की आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. 1961 साली पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला आणि तेव्हापासून आलेल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आता या देशात वाढते आहे. आजींनी माझ्या पत्नीची साडी निरखून पाहिली, बाकावर सरकून जागा केली आणि नातवाला जर्मनमधून विचारायला लावले. मुलाने ते मराठीत सांगितले. गाव कोणते, मुले किती, घरी काय शिजवता, इथवर सगळे प्रश्न आले. वांग्यांचा विषय निघाल्यावर आजींनी घरी येण्याचा आग्रह धरला आणि माझी पत्नी तत्काळ उठली. नातवाने मात्र फोनवरची दिनदर्शिका उघडली, आईशी बोलून खात्री केली आणि मुलाला गंभीरपणे कळवले की गुरुवारी दुपारी चार वाजता यावे, भाजायची वांगी आम्ही आणावीत आणि सहाला त्याचा फुटबॉलचा सराव असल्यामुळे त्याआधी जेवण व्हायला हवे.